मोहफुलं आणि दोन कॅमेरे

आधी माफी मागून ठेवतो. ज्यानं आयुष्यात दोनच रिळं भरली, त्यानं कॅमेऱ्यांविषयी लिहायला बसणं बरं नव्हे. शिवाय आमच्या घरात लिहिण्याची सवय कोणाला नाही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ललित लेख नावाचा प्रकार असतो हे मला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला कळलं, आणि तो माझ्यासारख्यानं लिहिला तर चालतो की नाही, याची खात्री अजून झालेली नाही. तेव्हा जाणत्या वाचकांनी सांभाळून घ्यावं. मी लिहितो आहे त्याला कारण एक वास आहे.

परवा चंद्रपूरच्या बसस्टँडवर उभा होतो. सावली तालुक्याकडची गाडी लागली आणि तिच्यातून एक बाई गाठोडं घेऊन उतरली. गाठोडं माझ्या अंगावरून गेलं आणि तो वास आला. गोड, जड, किंचित आंबूस. मोहाचा. म्हणजे पडायला लागला! मी गाडी पकडायला आलो होतो की कोणाला सोडायला, हेच मिनिटभर आठवेना. परीक्षा तोंडावर आहे, खोलीवर पुस्तकं उघडी टाकून आलो होतो. पण डोक्यात मागच्या वर्षीचा मोह सुरू झाला तो आतापर्यंत थांबलेला नाही.

मागच्या वर्षी या दिवसांत माझ्याजवळ दोन कॅमेरे होते. दोन्ही माझे नव्हते. दोन्ही माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचे, रीळ घालून चालणारे. त्यांतला एक माझा होणार होता, आणि कोणता, ते मोहाच्या एका फुलावर ठरणार होतं.

हे सगळं सायकलमुळं झालं. रविवारी सकाळी मी आणि माझा रूममेट राजू ऊर्जानगरच्या बाजूला सायकल हाणत जायचो. तिकडचे रस्ते सपाट आणि झाडांचे. एकदा मागून घंटी वाजली आणि माकडटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आम्हाला मागं टाकून गेले. पुढं जाऊन थांबले, वळून म्हणाले, "काय बे पोट्टे हो, घरी दूध नाई देत का?"

ते डोर्लीकर काका. पॉवर स्टेशनात आयुष्य काढून नुकतेच रिटायर झालेले. जन्मभर सायकलनंच ड्यूटीला गेले. पुढं दर रविवारी आमची गाठ पडू लागली आणि एका रविवारी ते आम्हाला चहाला क्वार्टरवर घेऊन गेले. क्वार्टर सोडायची होती, मुलाकडं पुण्याला जायचं होतं, त्यामुळं घरभर खोकी. एका खोक्यात, जुन्या स्वेटरवर, ते दोन कॅमेरे ठेवलेले होते.

मोठा कॅमेरा मी हातात घेतला आणि मनगट खाली गेलं. वरवंट्यासारखा वजनदार, सगळा धातूचा. त्याच्या खिडकीला डोळा लावला तर समोर नुसतं धुकं. काका म्हणाले, "कडं फिरव." लेन्सचं कडं हळूहळू फिरवलं आणि धुक्यातून काकूंचा चेहरा वर आला. आधी कुंकू, मग नाक, मग चष्म्याची काडी. पाण्याच्या तळातून कोणी वर यावं तसा. मी कडं पुन्हा उलटं फिरवलं, पुन्हा सुलटं. असं किती वेळ केलं कोण जाणे. काकू म्हणाल्या, "आता पुरे कर रे, मले लाज येऊन राह्यली."

दुसरा कॅमेरा अगदी लहान, शर्टाच्या खिशात मावेल एवढा. त्याच्या लेन्सभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं पाडलेली काचेची कडी होती. त्या कडीला उजेड कळतो. तिला बॅटरी लागत नाही, ऊन पडलं की तिचं तीच समजते. फोकसची भानगड नाही, कडं फिरवणं नाही. डोळा लावा, दाबा. एका फोटोच्या जागेत तो दोन फोटो बसवतो, त्यामुळं रीळ दुप्पट चालतं. फक्त एक खोड आहे. उजेड कमी असला की आत खिडकीत एक लाल पट्टी वर येते आणि बटण दबतच नाही. काकांनी त्याच्यावर हात धरून दाखवलं. लाल पट्टी टपकन वर आली. "पाह्य, नाई म्हणते," काका म्हणाले. "इमानदार आहे. जमत नसलं तर सरळ नाई म्हणते."

राजूनं आपला मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "काका, याच्यात सगळं होते. हा कायले पाहिजे?" काकांनी मोठा कॅमेरा माझ्या कानाजवळ धरून रिकामाच दाबला. खळ्ळ! मग लहान. टिक. राजूच्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही याहून चांगलं उत्तर नाही.

मी मोठ्या धीरानं विचारलं, यातला एखादा विकायचा आहे का? काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गाव कोणतं विचारलं. सावलीच्या पुढं, वैनगंगेच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, असं मी सांगितलं. "मोह आहे तुमच्याकडे?" आहे ना, म्हटलं, भरपूर आहे.

"मी मोह पडताना पाह्यलाच नाई कधी," काका म्हणाले. "आमच्या वरोऱ्याकडे कापूस. कापूस काही आपल्यानं पडत नाई, वेचा लागते. अन् इथी आलो तं शिफ्ट. पहाटे मोह पडते त्या टायमाले मी एक तर रातपाळीतून येऊन राह्यलो असो, नाई तं पहिल्या पाळीले जाऊन राह्यलो असो. आता पुण्याले कोण दाखवते मोह?" मग म्हणाले, "असं कर. दोन्ही घेऊन जा. एकेक रीळ आहे दोघांचं. मोह पडून राह्यला त्याचा फोटो आण. ज्या कॅमेऱ्यात फूल सापडन, थो तुया. पण हवेतलं फूल. जमिनीवर पडलेलं नाई चालत."

"अहो, त्याले कॅमेरा देता का परीक्षा घेता?" काकू म्हणाल्या.

त्या दिवशी परत येताना मी सायकल चालवत होतो की उडवत होतो, हे राजूला विचारा.

रोजच्या वापराला, त्यातही सायकलवर, कोणता कॅमेरा बरा, हे मला त्या महिन्यात रस्त्यानं शिकवलं, आधी चंद्रपुरात आणि मग अभ्यासाच्या सुट्टीत गावाकडं. मोठा गळ्यात अडकवला तर पॅडल मारताना तो गुडघ्यावर आदळायचा. पळणाऱ्या गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात, तसं झालं माझं. मागं कॅरिअरला बांधला तर खड्ड्याखड्ड्याला माझाच जीव वरखाली. शेवटी गमछ्यात गुंडाळून पुढच्या टोपलीत ठेवला. राजू म्हणाला, "कॅमेरा नाई बे, लेकरू घेऊन चालला तू." आणि रस्त्यावर काही दिसलं, की मी थांबणार, सायकल स्टँडला लावणार, गमछा सोडणार, उजेडाचा अंदाज घेणार, कडं फिरवणार. तोवर खाट डोक्यावर घेऊन सायकल चालवणारा माणूस वळणापलीकडं गेलेला असायचा.

लहान खिशात असायचा. डावा हात ब्रेकवर, उजव्यानं कॅमेरा काढला, टिक, परत खिशात. कोळशाच्या ट्रकामागं उडालेली धूळ, त्या धुळीत तोंडावर ओढणी बांधून सायकली हाणणाऱ्या शाळेच्या मुली, वैनगंगेच्या पुलावर टोपलीतली मासोळी पाण्यानं ओली करत बसलेली बाई. त्या बाईनं मला पाहिलं. "काय काढलं रे?" म्हणाली. फोटो, म्हटलं. "दाखव." दिसत नाही म्हटलं, नंतर निघतो. ती शेजारणीला म्हणाली, "बिघडलेला हाये वाटते थो."

पण मोठ्याचीही ओढ सुटत नव्हती. मोठ्यातून मी आमच्या परसातलं मोहाचं झाड पाहायचो. पानं झडलेली, फांद्यांच्या टोकाला फुलांचे झुबके, आणि कडं फिरवलं की एकेक झुबका वेगळा होऊन पुढं यायचा. मला वाटायचं, फूल हवेत पकडायचं तर याच कॅमेऱ्यात. याच्या आतला पडदा किती झपकन उघडझाप करायचा ते आपण ठरवू शकतो. लहान्याला काही सांगता येत नाही, तो आपल्या मनानं चालतो; हळू चालला तर पडणाऱ्या वस्तूची नुसती रेघ उमटते. परीक्षेचा अभ्यास करता करता मी पुस्तकाच्या कोपऱ्यावर दोघांची चित्रं काढायचो. दोघांपैकी कोण, दोघांपैकी कोण, एवढंच डोक्यात.

मोह पहाटे पडायला लागतो आणि ऊन चढेपर्यंत पडतो. त्याच्या आधी झाडाखालचा पाचोळा झाडून, जाळून जागा लख्ख करतात, म्हणजे फूल दिसतं. आमचा मोह परसातला एक आणि जंगलाच्या कडेला तीन. कोणाचं झाड कोणतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं. अंधार फिकट झाला की बाया टोपल्या घेऊन निघतात, एकट्यानं कोणी जात नाही. आपापल्या झाडाखाली गेल्यावरही एकमेकींना हाका घालत राहतात. हाकेला हाक आली म्हणजे सगळं ठीक. वाघाचा मुलूख आहे, बोलणं थांबवायचं नसतं.

पहिल्या दिवशी मी मोठा कॅमेरा घेऊन मायसोबत गेलो. झाडाखाली उभा राहिलो, एक डोळा मिटला, दुसरा खिडकीला लावला आणि वर पाहत राहिलो. मायनं माझ्या दंडाला धरून हलवलं.

"एक डोळा मिटून जंगलात उभं नाई राहात, बापू."

"माय, फूल पडताना काढायचं आहे."

"काढ. पण मागं कोण पाहीन?" मग तीच माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. टोपली पायाशी, हातात काठी. "पाह्य तू वर. मागचं मी पाहीन. झटकन कर, माहा मोह पडून राह्यला."

असे आम्ही पाठीला पाठ लावून उभे. फुलं पडत होती. टप्. टप्. पण ती कुठून सुटणार, काही अंदाज लागत नव्हता. मी या झुबक्यावर कडं जुळवावं, तर पडायचं त्या झुबक्यातून. आणि मोठ्या कॅमेऱ्याची एक गोष्ट मला त्या सकाळी कळली. ज्या क्षणी बटण दाबतो, त्याच क्षणी त्याच्या खिडकीत अंधार होतो. आत आरसा उचलला जातो म्हणे. म्हणजे जो क्षण आपण काढला तेवढाच आपल्याला दिसत नाही. मी दाबत होतो, अंधार होत होता, आणि अंधार गेल्यावर फूल जमिनीवर असायचं. पलीकडच्या झाडाखालून काकीची हाक आली, "काय करून राह्यले वो मायलेक?" मायनं ओरडून सांगितलं, "पोट्टा आभाळ मोजते, अन् मी राखण करतो!" आणि सगळ्या झाडांखालून हसू आलं. इतकं हसू त्या जंगलात मी कधी ऐकलं नव्हतं. रीळ संपेपर्यंत मी चार सकाळी तसाच उभा राहिलो.

मग लहान कॅमेरा. तो पहाटे खिशातून काढला की लाल पट्टी वर. नाई. थोड्या वेळानं पुन्हा. नाई. मीही मग टोपली घेऊन मायबरोबर वेचायला लागलो. वेचता वेचता खिशातून काढायचो, डोळा लावायचो, लाल, परत खिशात. हळूहळू झाडांच्या बुंध्यांना रंग यायचा, मोहाच्या फुलांतून उजेड आरपार जायचा, ती पिवळसर काचेसारखी दिसायची, आणि कधीतरी अचानक लाल पट्टी वर यायचीच नाही. टिक! पानं गळालेली असतात म्हणून या दिवसांत आमचं जंगल एवढा उजेड खाली येऊ देतं. पावसाळ्यात हा कॅमेरा तिथं दिवसभर नाहीच म्हणत बसला असता.

अशाच एका सकाळी ऊन बुंध्यापर्यंत आलं होतं. माय वाकून वाकून थकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काळ्या बुंध्यापुढं ती आणि तिच्या अंगावर तिरकं ऊन. मी फूलबिल विसरलो. डोळा लावला आणि दाबलं. या कॅमेऱ्याच्या खिडकीत अंधार होत नाही, सगळं दिसत राहतं. आणि मला दिसलं! मायच्या बाजूनं एक फूल खाली गेलं. माझ्या डोळ्यांदेखत, खिडकीच्या चौकटीतून. पण ते दाबायच्या आधी गेलं की दाबल्यावर, हे काही केल्या सांगता येईना. टिक आणि टप् एकाच वेळी झालं असं वाटत होतं. मी ओरडलो. मायनं काठी उचलली. "काय हाये? कुठी?" मी जमिनीवरच्या फुलाकडं बोट दाखवलं.

तो फोटो रिळाच्या मध्याच्या आसपासचा. पुढच्या दिवसांत मी रीळ संपवलं, त्यातले बरेचसे फोटो सायकलवरूनच. काकांनी सांगितलं होतं तसं ते उलटं गुंडाळलं आणि त्याचं जिभेसारखं टोक तेवढं डबीबाहेर राहू दिलं. लॅबवाल्याला ते धरून काढायला सोपं जातं.

त्याच संध्याकाळी सावलीहून येताना अवकाळीनं गाठलं. वारा, विजा, बोराएवढ्या गारा. कॅमेरा प्लास्टिकच्या पन्नीत होता, रीळ खिशातच राहिलं. घरी आलो तो नखशिखान्त भिजून. माय वाळायला घातलेला मोह आत ओढण्यात गुंतली होती, मीही बांबूचे तट्टे धरायला लागलो. शर्ट काढून दोरीवर टाकला आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. मी परसात पुस्तक घेऊन बसलो होतो. अंगणात आलो तर तट्ट्यावर मोह पसरलेला, बाजूला मिरच्या, त्याच्या बाजूला माझा शर्ट. आणि मोहाच्या कडेनं, दीड-दोन हात लांब, चकचकीत, तपकिरी पट्टी. वाऱ्यानं गुंडाळू नये म्हणून टोकावर एक गोटा ठेवलेला.

माय चुलीपासून उठून आली.

"थे रीळ का काय थे भिजलं होतं. म्हटलं मोहासंगं वाळन. ओढून ओढून एवढंच निघालं, बाकीचं आतच हाये." मग माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "काऊन? उन्हानं बिघडते का?"

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. आमच्या घरात जे काही टिकतं ते उन्हानं टिकतं. मोह, मिरची, लाखोळी, चिंच, वड्या, पावसाळ्याची मासोळीसुद्धा. ओलं दिसलं की माय ते उन्हात टाकणार, हे तिच्या हाताला सांगावं लागत नाही. जे जपायचं ते उन्हात, हे तिनं जन्मभर केलं आणि ते कधी चुकलं नाही. उन्हात एखादी गोष्ट मरते, न धुतलेल्या रिळावरचे फोटो उजेडानं पुसले जातात, हे तिला कोण सांगणार? मी तर तिला कॅमेरा दाखवताना म्हटलं होतं, "याला उजेड लागतो." तेवढंच म्हटलं होतं.

"निम्मं बिघडलं असन," मी म्हटलं. "निम्मं आत आहे."

"फूल कोणत्या निम्म्यात?"

माहीत नाही, म्हटलं. तिनं गोटा उचलला, पट्टी दोन्ही हातांनी उचलून मला दिली, तान्हं लेकरू द्यावं तशी. मी धान्याच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन ती डबीत परत गुंडाळली. त्याचा उपयोग नव्हता, पण अंगणात राहू देणंही बरं वाटेना. त्या दिवशी मायनं मोह एकदाही चाळवला नाही, काकीनं येऊन चाळवला. मोह तोवर संपतच आला होता. झाडांना तांबूस पालवी फुटायला लागली होती. पुन्हा काढू म्हटलं तर रीळ नाही, आणि फूलही नाही. पुढच्या वर्षीशिवाय नाही.

राजूला हे सांगितलं तेव्हा तो हसत हसत खाली बसला. "फोटोचं वाळवण! अबे, मीठ लावलं होतं का?" मीही हसलो. हसल्यावर जरा हलकं वाटलं.

परीक्षा झाल्यावर काकांकडं गेलो. क्वार्टरच्या भिंतींवर आता नुसते खिळे उरले होते. ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता. दोन्ही कॅमेरे त्यांच्यापुढं ठेवले आणि काय झालं ते सांगितलं.

"उन्हात?" काका म्हणाले.

"हो."

"मोहासंगं?"

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि आतून त्यांचं हसू ऐकू आलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "रिळं धुऊन कधी येतीन माहीत नाई. मी उद्या चाललो. तू सांग, कोणता ठेवू?"

"लहान."

"त्याचंच रीळ उन्हानं खाल्लं ना बे?"

"हो."

"मंग काऊन?"

मोठा कॅमेरा सुंदर आहे, मी म्हटलं, पण त्याच्यातून पाहताना मी कॅमेऱ्याकडंच पाहत राहतो. लहान्यातून मी मोहाकडं पाहत होतो. आणि सायकलवर तो बरोबर असतो, मोठा घरी राहतो. काकांच्या समोर मी इतकं कधी बोललो नव्हतो.

त्यांनी मोठा कॅमेरा उचलून स्वेटरात गुंडाळला. लहान माझ्याकडं सरकवला. "घेऊन जा. पण अट ते अट. फूल नाई निघालं तं पुण्याले पाठवून देजो. देशीन ना?"

"देईन," म्हटलं.

दोन्ही रिळं नागपूरच्या एका जुन्या लॅबला पाठवली. चंद्रपुरात आता हे काम कोणी करत नाही. तिथले गृहस्थ भले, पण त्यांची एक रीत आहे. पुरेशी रिळं जमल्याशिवाय ते धुण्याचं औषध बनवत नाहीत, आणि हल्ली रिळं जमायला वेळ लागतो. मी वाट पाहत राहिलो. उन्हाळाभर तो लहान कॅमेरा माझ्या खिशात होता, रिकामा. रोज सायकलवर मी त्याच्यातून फोटो काढले. तेंदूपानांचे पुडे वाळत घातलेलं मैदान, तळ्यात शिंगांपर्यंत बुडालेल्या म्हशी, सरळ रस्त्याच्या टोकाला हलणारं ऊन. टिक, टिक. एकही फोटो कुठं उमटत नव्हता आणि मला कशाचीच कमी वाटत नव्हती. फक्त खिशात हात गेला की आठवायचं, हा अजून आपला नाही.

मी चंद्रपूरला असलो की माय फोनवर आधी जेवलास का विचारायची आणि मग, "आला का निरोप?" दर वेळी. कधी कधी जेवलास का विचारायचं राहून जायचं, पण हे नाही.

पावसाळा लागला. मोठ्या कॅमेऱ्याचं रीळ आधी धुऊन झालं. फोटो फोनवर आले. काय सुरेख! फुलांचे झुबके इतके स्पष्ट की मोजता यावेत, पाठीमागं आभाळ मऊ. शेवटी एक मायच्या पाठीचा, हातात काठी. मी ते सगळे बोटांनी मोठे करून करून पाहिले. फुलं फांदीवर होती, फुलं जमिनीवर होती. हवेत एकही नव्हतं. काकांना पुण्याला पाठवले. त्यांचा फोन आला, "झाड मस्त आहे रे. तुयी माय मस्त आहे. पण मोह काही पडून नाई राह्यला." मग म्हणाले, "आता त्या वाळवलेल्याचं पाहू." दुसरं रीळ पुढच्या खेपेला धुणार होते.

धानाचा रोवणा सुरू झाला म्हणून मी गावी आलो. बांधीत पोटऱ्यांएवढा चिखल, बाया ओळीनं वाकलेल्या, मी रोपांच्या पेंढ्या फेकत होतो. फोन शेताच्या कडेला धुऱ्यावर, पन्नीत, छत्रीखाली ठेवलेला. आमच्या शेतात रेंज कधी येते कधी जाते. दुपारी केव्हातरी आली असावी. पन्नीत उजेड झाला. मी चिखलातून पाय उपसत धुऱ्यावर गेलो, हात लुंगीला पुसले, तरी काचेवर चिखल लागलाच. नागपूरचा निरोप होता. बायांच्या ओळीत माय सरळ झाली होती, हातात रोपं, माझ्याकडं पाहत.

"काय म्हणते?" तिनं तिथूनच ओरडून विचारलं.

मी तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं:

"तुमचं दुसरं रीळ धुतलं. सुरुवातीचा जवळजवळ निम्मा भाग उजेडानं गेला आहे, त्याला इलाज नाही. पुढचे फोटो चांगले आले आहेत. जिथं खराब भाग संपतो तिथल्या पहिल्याच चांगल्या फोटोविषयी विचारायचं होतं. झाडाखाली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे. तिच्या खांद्याच्या बाजूला, वरून खाली आलेली एक बारीक पांढरी रेघ आहे. आधी वाटलं केस चिकटला, मग वाटलं ओरखडा, पण दोनदा पुसून पाहिलं, जात नाही. फोटो छान आहे, उगाच खराब दिसतो. कॉम्प्युटरवर ती रेघ काढून टाकू का?"